राष्ट्राहून थोर राष्ट्र

विदुरनीतीत त्यागाची एक पायरीपायरीची चढण सांगितली आहे. व्यक्तीपेक्षा कुळ मोठे, कुळापेक्षा गाव, गावापेक्षा जनपद, आणि जे मोठे त्याच्यासाठी लहानाने वाट मोकळी करून द्यावी, असा तिचा आशय. पुराणिकाच्या तोंडून ही नीती आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्यातली एक विलक्षण उडी सहसा ध्यानात येत नाही. जनपदानंतर विदुर थेट आत्म्यापाशी पोहोचतो. मधे दुसरी पायरीच नाही. एका भूखंडावर नांदणाऱ्या अनेक देशांचे मिळून माणसावर काही एक ऋण असते, आणि त्या ऋणासाठी त्याने आपल्या देशाचे सार्वभौमत्वही ओवाळून टाकावे, ही कल्पना विदुराच्या शिडीत नाही. ती विसाव्या शतकाने शिडीला जोडलेली पायरी आहे.

ही पायरी जोडण्याचा यत्न तीन खंडांत झाला. जपानचे ओकाकुरा काकुझो यांनी १९०३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलाविषयक ग्रंथात आशियाच्या एकत्वाचा उद्घोष केला, आणि त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती भगिनी निवेदितांनी. युरोपात रिचर्ड कूडेनहोव्ह-कालेर्गी यांनी १९२३ साली 'पान-युरोपा' लिहून तोच विचार आपल्या खंडापुरता मांडला. परंतु ह्या दोघांच्या हाती लेखणीखेरीज काही नव्हते. ज्याच्या हाती एक राज्य होते, आणि ते राज्य खंडाच्या एकतेसाठी सोडून देण्याची तयारी ज्याने राज्यघटनेतच नमूद करून ठेवली, असा पुरुष आफ्रिकेत झाला. त्याचे नाव क्वामे एन्क्रुमा. त्याचा 'आफ्रिका मस्ट युनाइट' हा १९६३ सालचा ग्रंथ साठाहून अधिक वर्षांनी पुन्हा वाचताना जे विचार मनात आले, ते येथे मांडावयाचे आहेत. ग्रंथाचे नावच आज्ञार्थी आहे: आफ्रिकेने एक झालेच पाहिजे. 'व्हावे' म्हणून तो थांबत नाही. ह्या 'च'मध्ये ग्रंथाचे सारे बळ आहे, आणि त्याचे दौर्बल्यही तेथेच दडलेले आहे.

ग्रंथकाराचा परिचय थोडक्यात असा. एन्क्रुमांचा जन्म १९०९ सालचा, गोल्ड कोस्टच्या नैर्ऋत्य टोकाच्या एन्क्रोफुल ह्या खेड्यातला. १९३५ ते १९४५ अशी दहा वर्षे ते अमेरिकेत शिकले. तेथून इंग्लंडला येऊन १९४५ सालच्या मँचेस्टरच्या पाचव्या पॅन-आफ्रिकन परिषदेच्या संघटनेत त्यांनी भाग घेतला. १९४७ साली मायदेशी परतल्यावर गांधीजींच्या मार्गाचे ऋण मान्य करून त्यांनी 'पॉझिटिव्ह ॲक्शन' नावाची अहिंसक चळवळ उभारली, तुरुंगवास भोगला, आणि १९५१ साली तुरुंगात असतानाच निवडणूक जिंकून ते बाहेर आले. ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन त्याचे घाना झाले. त्या मध्यरात्रीच्या भाषणातच त्यांनी आपल्या श्रोत्यांना बजावले की साऱ्या आफ्रिकेची मुक्ती झाल्यावाचून ह्या स्वातंत्र्याला अर्थ नाही. ज्या घटकेला दुसऱ्या कोणाही नेत्याने केवळ आपल्या देशाचा जयजयकार केला असता, त्या घटकेला ह्या माणसाच्या तोंडी खंडाचे नाव आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ग्रंथाची एकवीस प्रकरणे आहेत. पूर्वार्धात वसाहतीचे अर्थकारण, स्वातंत्र्याचा लढा आणि घानाची उभारणी येते. उत्तरार्धात खंडाच्या ऐक्याची मांडणी. एप्रिल १९५८ मध्ये आक्रा येथे स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरली, डिसेंबरात सर्व आफ्रिकी लोकांची भरली, त्यानंतर संघराज्याचे दोनतीन प्रयोग झाले; ह्या साऱ्या अनुभवाचे सार ग्रंथात उतरले आहे. मे १९६३ मध्ये आदिस अबाबा येथे आफ्रिकेचे राष्ट्रप्रमुख जमावयाचे होते. त्यांच्या हाती पडावा ह्या बेतानेच तो प्रसिद्ध झाला. म्हणजे ही शांत चित्ताने केलेली तत्त्वचर्चा नव्हे. न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्या वकिलाचे ते कैफियतवजा भाषण आहे, आणि त्याच दृष्टीने ते वाचले पाहिजे.

ह्या कैफियतीचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे सीमांची मीमांसा. १८८४-८५ साली बर्लिन येथे युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविले आणि पुढील काही दशकांत नकाशावर रेघा ओढल्या. त्या रेघांनी कोणाचे घर कोठे विभागले गेले ह्याची फिकीर कोणी केली नाही. एवे लोकांचेच उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांचा टोगोलँड इंग्रज व फ्रेंच यांनी वाटून घेतला, आणि एवे समाज दोन राज्यांत विभागला गेला. ह्या लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नोत्से नावाच्या तटबंदीच्या नगरातून एका जुलमी राजाच्या जाचातून निसटून आले. ते नोत्से आज टोगोत आहे. आणि त्या निर्गमनाचे स्मरण करणारा होग्बेत्सोत्सो हा उत्सव साजरा होतो तो घानातल्या आन्लोगा येथे. पूर्वजांचे गाव एका देशात आणि पूर्वजांचा उत्सव दुसऱ्या देशात!

गोमंतकीय वाचकाला हे दुःख निराळे समजावून सांगावयास नको. कुशस्थळीचा मंगेश सोळाव्या शतकात जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. मूळ गाव पोर्तुगीजांकडे आणि दैवत आदिलशाही मुलखात अशी स्थिती झाली. तरी महाजनांनी दैवत सोडले नाही. राज्याची सीमा आणि निष्ठेची सीमा एकच असते असे ज्याला वाटते, त्याने नदी ओलांडून देवदर्शनाला जाणाऱ्या त्या पिढ्यांकडे पाहावे. एन्क्रुमांचे म्हणणे ह्याच जातीचे आहे. परक्याने ओढलेल्या रेघेशी आम्ही का म्हणून इमान राखावे, हा त्यांचा सवाल आहे, आणि तो बिनतोड आहे.

दुसरा मुद्दा अर्थकारणाचा. घाना कोको विकतो, शेजारीही कोकोच विकतो; दोघेही एकाच गिऱ्हाइकाच्या दारात स्वतंत्रपणे उभे राहतात आणि गिऱ्हाईक सांगेल त्या भावाला माल देऊन येतात. झेंडा निराळा, राष्ट्रगीत निराळे, पण बाजारातली लाचारी तीच. अशा स्वातंत्र्याला एन्क्रुमा 'नववसाहतवाद' म्हणतात, आणि त्यावर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घालतात. ह्यावर तोडगा म्हणून त्यांनी तीन गोष्टी सुचविल्या: साऱ्या खंडाचे एकत्र आर्थिक नियोजन, एकत्र संरक्षण आणि एकच परराष्ट्रनीती. त्यासाठी खंडाचे एक शासन आणि दोन सभागृहे असलेले विधिमंडळ. एका सभागृहात लोकसंख्येच्या मानाने प्रतिनिधी, दुसऱ्यात लहानमोठ्या सर्व राज्यांना सारखेच. योजना स्वप्नाळू माणसाची वाटत नाही. हिशेब मांडणाऱ्या प्रशासकाची वाटते.

ह्या पुस्तकाची भाषा स्वच्छ, आकड्यांनी भरलेली आणि निश्चयी आहे. पण तिच्यात एक सर्वनाम असे आहे की त्यावर चिकित्सकाचे बोट थांबावे. ते सर्वनाम म्हणजे 'आम्ही'. पूर्वार्धात 'आम्ही' म्हणजे घानाचे लोक. आमची घटना, आमचे सार्वभौमत्व. उत्तरार्धात 'आम्ही' म्हणजे साऱ्या आफ्रिकेचे लोक. हा बदल कोणत्या पानावर आणि कोणाच्या संमतीने झाला, ते ग्रंथकार सांगत नाहीत. घानाच्या 'आम्ही'मागे निवडणुका होत्या, पक्ष होता, तुरुंगवास होता. आफ्रिकेच्या 'आम्ही'मागे एका पुरुषाची दुर्दम्य इच्छा होती आणि काही परिषदांचे ठराव होते. लहान 'आम्ही'ने कमावलेला अधिकार मोठ्या 'आम्ही'च्या खाती परस्पर जमा करण्यात आला आहे.

अर्पणपत्रिका पाहिली म्हणजे हा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. एन्क्रुमांनी हा ग्रंथ आपले दिवंगत गुरुबंधू जॉर्ज पॅडमोर यांना, आणि पुढे अवतरणाऱ्या आफ्रिकी राष्ट्राला अर्पण केला आहे. आफ्रिकी 'राष्ट्राला'! राष्ट्रापेक्षा काही श्रेष्ठ आहे असे सांगू पाहणाऱ्याला त्या श्रेष्ठ वस्तूसाठी 'राष्ट्र' ह्याखेरीज दुसरा शब्द सापडत नाही. म्हणजे ह्या ग्रंथात राष्ट्रनिष्ठेचे अतिक्रमण झालेले नाही; तिची व्याप्ती तेवढी वाढली आहे. खंड हे येथे राष्ट्राहून थोर असे राष्ट्रच आहे. मग राष्ट्रवादाचे जे गुण ते त्याला लाभणार, आणि राष्ट्रवादाचे जे दोष तेही त्याला जडणार. एक झेंडा, एक सेना, एक शत्रू, आणि एक नेता. आडात जे आहे तेच पोहऱ्यात येणार.

तथापि एन्क्रुमांची निष्ठा बोलाची नव्हती, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १९५८ साली गिनीने फ्रान्सचा पाश झुगारला आणि फ्रेंचांनी सूडबुद्धीने जाता जाता कचेऱ्यांतली यंत्रेसुद्धा उचलून नेली, तेव्हा नवजात घानाने त्या देशाला एक कोटी पौंडांचे कर्ज देऊ केले आणि त्याच्याशी संघ जाहीर केला. पुढे मालीही त्यात आला. १९६० च्या घानाच्या प्रजासत्ताक घटनेत तर असे कलम घालण्यात आले की आफ्रिकी संघ लवकरच होईल ह्या भरवशावर सार्वभौमत्वाचा काही अंश किंवा ते सर्वच्या सर्व सोडून देण्याची तजवीज करण्याचा अधिकार जनता संसदेला देत आहे. गिनी व माली यांच्या घटनांतही त्याच अर्थाची तरतूद होती. स्वातंत्र्य मिळून चार वर्षे झाली नाहीत तोच ते दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची वाट घटनेत आखून ठेवणारे राज्य जगाच्या इतिहासात विरळा!

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांना ह्या कलमाचे मोल विशेष कळेल. त्यांच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी अशी सार्वभौमत्वे विरघळताना डोळ्यांनी पाहिली होती. २८ मे १९४८ रोजी होळकर व शिंदे यांची राज्ये मध्यभारतात मिळाली, १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हैदराबादेस मात्र सप्टेंबर १९४८ मध्ये सेना धाडावी लागली. पिढ्यान् पिढ्या ज्या गादीचे मीठ खाल्ले तिच्याविषयीचा आदर मनात ठेवूनही माणसे एका मोठ्या निष्ठेत सामील झाली. तेव्हा लहान राज्याने मोठ्यात विलीन होणे ही असंभव गोष्ट आहे असे म्हणण्याचा अधिकार निदान आम्हांला तरी नाही.

पण ते विलीनीकरण कशाच्या बळावर झाले, हेही पाहिले पाहिजे. सरदार पटेलांचे चातुर्य होते, दिल्लीची सत्ता होती, संस्थानांतील प्रजापरिषदांची चळवळ होती. ह्या सर्वांच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. इंदूरचा गृहस्थ काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेत होता, तेव्हा वाटेत किती संस्थानांच्या सीमा लागल्या ते तो मोजत नव्हता. भारताचे ऐक्य कायद्यात उतरण्याच्या कित्येक शतके आधी पायांखाली आले होते. नेत्यांनी जे लिहिले ते पायांनी आधीच गिरवलेले होते.

आफ्रिकेच्या भूमीत असे काही नव्हते काय? होते, आणि विपुल होते. पश्चिमेकडील मुसलमान यात्रेकरू शतकानुशतके साहेल प्रदेशातून मक्केकडे चालत गेले. हौसा व्यापारी कोलाच्या बिया घेऊन जंगलपट्टीपासून वाळवंटापर्यंत फिरत. पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषेने अनेक जमातींना एकत्र बोलते केले. एन्क्रुमा प्राचीन घाना, माली, साँगाई ह्या राज्यांचे गौरवाने स्मरण करतात. पण ऐक्याचा युक्तिवाद रचावयाची वेळ येते तेव्हा ही चाललेली, बोललेली, विकलेली आणि पूजलेली आफ्रिका मागे पडते. पुढे येतात त्या खनिजांच्या याद्या, धरणे, आणि दुसऱ्या संघराज्यांची उदाहरणे. त्या उदाहरणांत अमेरिकेच्या जोडीला सोव्हिएट संघाला मानाचे पान मिळाले आहे. तो संघ १९९१ साली विसर्जित झाला. वरून बांधलेल्या इमारतीची एक मोठी साक्ष काळाने अशी परत घेतली.

आता ग्रंथाच्या सर्वांत कठीण जागेपाशी येऊ. देशातील प्रादेशिक व जातीय पक्षांच्या विरोधाला तोंड देण्यासाठी १९५८ साली घानात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. खटल्यावाचून वर्षानुवर्षे डांबून ठेवण्याची मुभा त्याने दिली. ग्रंथात त्याचे समर्थनही येते. ऐक्यासाठी शिस्त हवी, विघटनाच्या शक्तींना आवर हवा, हे ते समर्थन. ह्याच कायद्याखाली जे. बी. डांक्वा हे वयोवृद्ध कायदेपंडित तुरुंगात गेले. हे तेच डांक्वा, ज्यांच्या पक्षाने १९४७ साली एन्क्रुमांना चिटणीस म्हणून मायदेशी बोलावून घेतले होते, आणि गोल्ड कोस्टला 'घाना' हे नाव द्यावे म्हणून जे झटले होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये एन्सावाम येथील तुरुंगात त्यांचा अंत झाला. देशाला नाव सुचविणारा माणूस त्याच देशाच्या बंदिशाळेत मेला, आणि तेव्हा त्या देशाचा अध्यक्ष साऱ्या खंडाच्या मुक्तीचे गीत गात होता.

एन्क्रुमांना सत्तेचा लोभ होता, एवढ्याने ह्याचे उत्तर मिळत नाही. दूरच्यावरचे प्रेम आणि जवळच्याविषयीची अधीरता ही एकाच स्वभावाची दोन अंगे होत. ज्याची दृष्टी केपपासून कैरोपर्यंत पोहोचते, त्याला आशांतीचा तक्रार करणारा कोको-शेतकरी फार लहान दिसू लागतो. तो अडथळा वाटतो, मागासलेला वाटतो, अखेर शत्रू वाटतो. विदुराच्या शिडीवर सर्वांत खालची पायरी एका माणसाची आहे. जितके उंच चढावे तितका तो माणूस दिसेनासा होतो, हा त्या शिडीचा धोका आहे.

शेजाऱ्यांनाही हाच अनुभव आला. १९५६ च्या सार्वमताने ब्रिटिश टोगोलँड गोल्ड कोस्टला मिळाला, आणि उरलेल्या टोगोनेही आपल्यात यावे अशी एन्क्रुमांची इच्छा होती. टोगोचे अध्यक्ष ऑलिंपिओ यांना ह्या ऐक्यात गिळंकृत होण्याचा वास आला, आणि दोन्ही देशांतील संबंध विकोपाला गेले. थोरला भाऊ 'आपण एकत्र राहू' म्हणतो तेव्हा धाकट्याला त्यात 'माझ्या घरात राहा' असे ऐकू येते. पूर्वेकडे ज्यूलियस न्येरेरे यांचा मार्ग निराळा होता. केनिया व युगांडा यांच्याशी संघ होणार असेल तर टांगानिकाचे स्वातंत्र्य लांबणीवर टाकण्याची तयारी त्यांनी १९६० सालीच दाखविली होती. आधी शेजाऱ्यांशी, मग खंडाशी, ही त्यांची पद्धत. एन्क्रुमांना असे प्रादेशिक संघ म्हणजे मोठ्या मापाची फाळणीच वाटे. तो वाद कटू झाला. न्येरेरेंचा मोठा संघ झाला नाही. पण एप्रिल १९६४ मध्ये टांगानिका व झांझिबार यांचा जो टांझानिया झाला, तो अनेक कुरबुरी सोसून टिकला. घाना-गिनी-माली संघ मात्र कागदावरून खाली उतरलाच नाही. तिघांपैकी घानाची सीमा उरलेल्या दोघांना लागतच नव्हती, आणि नाणीही निराळी होती.

आदिस अबाबाच्या परिषदेत २५ मे १९६३ रोजी जी आफ्रिकी ऐक्य संघटना जन्मली, तिने ग्रंथातली मागणी नम्रपणे बाजूला ठेवली. सर्व राज्यांची सार्वभौम समानता आणि एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, ही तिची तत्त्वे ठरली. पुढच्या वर्षी कैरोच्या बैठकीने स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमांचा आदर करण्याचा ठराव केला. बर्लिनची रेघ आफ्रिकेनेच आता आपल्या हाताने गिरवली. ऑक्टोबर १९६५ मध्ये आक्रा येथे भरलेल्या परिषदेत एन्क्रुमांनी शेवटचा यत्न केला, तोही फसला. २२ जानेवारी १९६६ रोजी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे बांधकाम, व्होल्टावरचे आकोसोंबो धरण, सुरू झाले, आणि २४ फेब्रुवारीस, ते व्हिएतनामच्या शांततेसाठी परदेशी गेलेले असताना, त्यांच्याच सेनेने व पोलिसांनी त्यांना पदच्युत केले. गिनीने त्यांना आश्रय दिला. इतकेच नव्हे, अध्यक्ष सेकू तुरे यांनी त्यांना सहअध्यक्षपद देऊ केले. १९७२ साली बुखारेस्ट येथे त्यांचे देहावसान झाले. स्वतःच्या देशाने हाकलले आणि दुसऱ्याने अध्यक्ष म्हणून स्वागत केले. त्यांच्या सिद्धांताची इतकी करुण आणि इतकी चोख प्रचीती दुसरी नाही.

सामान्य जनांच्या पातळीवर मात्र सिद्धांताची परीक्षा फार क्रूर झाली. नोव्हेंबर १९६९ मध्ये घानाच्या नव्या सरकारने परवाना नसलेल्या परकीयांना दोन आठवड्यांत देश सोडण्याचा हुकूम दिला; नायजेरिया, टोगो, अप्पर व्होल्टा येथून आलेली, कित्येक पिढ्यांची वस्ती असलेली कुटुंबे रस्त्यावर आली. १९८३ च्या जानेवारीत नायजेरियाने तीच गोष्ट घानाच्या लक्षावधी मजुरांबाबत केली. त्या मजुरांनी ज्या चौकड्यांच्या स्वस्त पिशव्यांत आपला संसार भरला, त्यांना पश्चिम आफ्रिकेत 'घाना मस्ट गो' असेच नाव पडले. ग्रंथाच्या नावातला 'मस्ट' असा पिशवीवर येऊन बसला! राष्ट्रप्रमुख परिषदांतून बंधुत्वाचे ठराव करीत होते आणि सीमेवर बंधू बंधूला बाहेर काढीत होता. ऐक्याच्या ग्रंथात ह्या मजुराला एकही प्रकरण नव्हते, ही त्याची खरी उणीव होय.

येथे आम्हां गोमंतकीयांचा एक धागा जुळतो. एन्क्रुमांची आफ्रिका वर्णावर उभी नाही, भूमीवर उभी आहे. सहाराच्या उत्तरेचा अरबही तिच्यात बंधू आहे. ही ग्रंथाची फार मोठी उदारता. ह्या उदार व्याख्येला खरे ठरविणाऱ्यांत दोन गोमंतकीय रक्ताची माणसे होती. पिओ गामा पिंटो यांचा जन्म नैरोबीचा, शिक्षण भारतातले. मुंबईत गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी झटून ते केनियात परतले, इंग्रजांनी १९५४ साली त्यांना स्थानबद्ध केले, स्वतंत्र केनियाच्या संसदेत ते सभासद झाले, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची हत्या झाली. आकीनो द ब्रागांसा बार्देशात जन्मले. पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रीय संघटनांची जी परिषद एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे स्थापन झाली, आणि जीत अँगोला, गिनी-बिसाऊ, मोझांबिक यांच्याबरोबर गोव्याचेही प्रतिनिधी होते, तिच्या कार्यात त्यांनी आयुष्य वाहिले. मापुतो येथील विद्यापीठात ते आफ्रिका-अध्ययन केंद्राचे संचालक होते. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान-अपघातात त्यांना मृत्यू आला. गोवा की आफ्रिका, असा प्रश्न ह्या दोघांना पडल्याचे दिसत नाही. जेथे राहिलो तेथल्या अन्यायाशी भांडावे, एवढे त्यांना पुरेसे होते.

ह्या ऋणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत भरलेल्या परिसंवादात आफ्रिकी नेत्यांनी गोव्याबाबत भारताने आता पाऊल उचलावे असा आग्रह धरला होता. डिसेंबरात सुरक्षा समितीपुढे भारताविरुद्ध ठराव आला तेव्हा त्याच्या विरोधात जी चार मते पडली, त्यांत लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक ही दोन आफ्रिकी राज्यांची होती. आणि त्याच खंडात १९७२ साली इदी अमीन यांनी युगांडातील भारतीय वंशाच्या लोकांना, त्यांत गोवेकरही आले, नव्वद दिवसांत घालवून दिले. एकाच भूमीने दिलेला हात आणि मारलेला धक्का, दोन्ही आमच्या वाट्याला आले आहेत. म्हणून ह्या ग्रंथाकडे आम्ही तिऱ्हाइताच्या नजरेने पाहू शकत नाही.

मग ग्रंथ फसला असे म्हणावे काय? १९९७ साली घानाच्या स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा आक्रा येथे बोलताना वृद्ध न्येरेरेंनी आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला मोठ्या मनाने न्याय दिला. एन्क्रुमांच्या आवेशाने इतरांच्या मनात किती संशय उत्पन्न होतो हे त्यांना उमगले नाही, असे सांगून न्येरेरेंनी त्याहून मोठे कारण स्वतःकडे घेतले: आफ्रिका विभागलेली राहण्यात आमच्यापैकी पुष्कळांचा स्वार्थ गुंतला होता. झेंडा, राजदूत, विमान, अंगरक्षक ही सुटणे कठीण असते. २००२ साली जुन्या संघटनेच्या जागी आफ्रिकी संघ आला. त्याच्या घटनापत्रात, १९९४ च्या रुआंडातील नरसंहाराचा धडा घेऊन, वंशसंहारासारखे घोर अपराध होत असतील तेथे सभासद राज्यात हस्तक्षेप करण्याचा अधिकार संघाला दिला आहे. खंडव्यापी मुक्त व्यापाराचा करार २०१८ साली झाला, त्यानुसार २०२१ मध्ये व्यापार सुरू झाला, आणि त्याचे सचिवालय आक्रा येथेच आहे. ज्या शहरात खंडाच्या शासनाचे स्वप्न पाहिले गेले, तेथे आज खंडाच्या जकातीचा हिशेब होतो. हे स्वप्नापेक्षा लहान आहे, पण पायाखाली आहे.

हस्तक्षेपाच्या त्या कलमात आम्हांला मूळ प्रश्नाचे उत्तर दिसते. राष्ट्रापेक्षा खंडावर निष्ठा ठेवावी ती कशासाठी? खनिजांसाठी आणि जगात वजन पडावे म्हणून ठेवली, तर ती मोठ्या आकाराची राष्ट्रनिष्ठाच होय. तिला मोठ्या आकाराचे तुरुंगही लागतील. पण स्वतःच्याच राज्याने ज्याचा गळा धरला आहे अशा एका माणसाला राज्याच्या सीमेपलीकडून कोणीतरी हाक द्यावी, यासाठी ठेवली, तर ती निराळ्या जातीची वस्तू आहे. तेव्हा ती राष्ट्राच्या वर उभी असते ते त्या सर्वांत खालच्या पायरीवरील माणसासाठी. डांक्वांच्या कोठडीपर्यंत अशी हाक पोहोचली नाही, कारण खंडाचा सर्वांत मोठा भक्त हाच कोठडीचा धनी होता.

विदुराच्या शिडीत जनपदानंतर थेट आत्मा का येतो, ह्याचा उलगडा आम्हांला ह्या परक्या ग्रंथाने केला. एकाचा त्याग करीत करीत वर चढलेल्या माणसाला अखेर तो एकच समोर उभा दिसावा, आणि त्याच्यापुढे सारी पृथ्वीही हलकी ठरावी, अशी ती योजना आहे. एन्क्रुमा जनपदाच्या पुढे एक पायरी चढले, आणि ती पायरी खरी आहे, हे आता नाकारता येणार नाही. ते तेथेच थांबले. त्यांचा ग्रंथ आजही वाचावा तो ती पायरी पाहण्यासाठी; आणि वाचून झाल्यावर एकवार खाली वळून पाहावे.